आवडीचा रकाना

दर वर्षी उन्हाळ्याच्या सुटीनंतर महाविद्यालयाच्या कार्यालयातून एक अर्ज हाती येतो. पदव्या, अध्यापनाची वर्षे, प्रसिद्ध झालेले शोधनिबंध, मार्गदर्शनाखाली काम केलेले विद्यार्थी, हजेरी लावलेली चर्चासत्रे, असे त्यात रकाने असतात आणि शेवटाकडे दोन बोटे रुंदीचा एक रकाना असतो, ‘संशोधनाची आवड’. गेली अठ्ठावीस वर्षे मी बडोद्यात इतिहास शिकवतो आहे आणि त्या दोन बोटांच्या जागेत ‘गुजरातमधील मराठ्यांचा इतिहास’ हे तीन शब्द लिहीत आलो आहे. यंदाचा अर्ज माझा शेवटचा. मार्चअखेर मी निवृत्त होईन. बाकीचे रकाने भरून झाले आणि त्या एका रकान्यापाशी हात थांबला, कारण ही आवड आपण निवडली तरी कधी, हे मला आठवेना.

खरे सांगायचे तर ती मी निवडलीच नाही. ती दांडिया बाजारातल्या आमच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होती. आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. १ मे १९४९ला संस्थान विलीन झाले तेव्हा ते पन्नाशीला आले होते. नोकरी पुढेही चालू राहिली, पण त्यांच्या बोलण्यात ‘आमच्या वेळी’ म्हणजे विलीनीकरणापूर्वी. पेटीत त्यांच्या वडिलांच्या हातचे मोडी कागद होते. बहुतेक घरखर्चाचे, काही देण्याघेण्याचे, रकमा संस्थानच्या बाबाशाही रुपयांत मांडलेल्या. दिवाळीत घर झाडताना पेटी खाली यायची, आजोबा एखादा कागद उघडून बोट फिरवत वाचायचे आणि आम्ही मुले तूप किती स्वस्त होते म्हणून हसायचो. इतिहास नावाचा विषय मला पुढे शाळेत भेटला, पण कागदावरचा माणूस असा बोटाखाली बोलू लागतो हे त्याआधीच ठाऊक झाले होते.

डभईची लढाईसुद्धा मी प्रथम आजोबांकडून ऐकली. १ एप्रिल १७३१ रोजी भिलापूर-डभईच्या मैदानावर पहिल्या बाजीरावाने सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांचा पराभव केला आणि दाभाडे तिथेच पडले. शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग बाजीरावाच्या चढत्या भाग्याची एक पायरी म्हणून येतो आणि चार ओळींत संपतो. आमच्या घरी तो तसा नव्हता. पिलाजीराव गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने लढले होते, पुढच्याच वर्षी डाकोरला मुघलांचा सुभेदार अभयसिंग याच्या माणसांनी त्यांचा खून केला, आणि तरीही १७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले, अशी ती गोष्ट आजोबा सांगत. दमाजीरावांची गोष्टही तशीच. १७५१ साली ते ताराबाईंच्या मदतीला साताऱ्याकडे चालून गेले, पेशव्यांनी त्यांना कैद केले आणि अर्धा गुजरात तोडून घेऊनच मोकळे केले. तेच दमाजीराव दहा वर्षांनी पेशव्यांच्या बाजूने पानिपतावर लढले आणि जिवंत परतले. पुण्याहून पाहिले तर हा मराठेशाहीच्या उत्तरेकडच्या विस्ताराचा इतिहास आहे. बडोद्याहून पाहिले तर तो हरूनही टिकलेल्या माणसांचा आहे. दोन्ही खरे आहेत, पण दुसरा लिहायला माणूस बडोद्यात बसलेला असावा लागतो.

तसा बसलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे गोविंद सखाराम सरदेसाई. त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण इतिहासकाराची नोकरी आणि त्याची आवड यांचे नाते समजून घ्यायचे तर त्यांच्याइतके बोलके उदाहरण मला दुसरे माहीत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल गावी १८६५ साली जन्मलेले सरदेसाई १८८९मध्ये सयाजीराव महाराजांच्या चाकरीत आले, ते इतिहासाचे अध्यापक म्हणून नव्हे. महाराजांना पुस्तके वाचून दाखवणे हे त्यांचे काम होते. पुढे राजपुत्रांना शिकवणे आले, महाराजांबरोबर युरोपचे प्रवास आले. महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी मॅकियाव्हेली आणि सीली यांचे ग्रंथ मराठीत आणले. राजपुत्रांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवायचा तर मराठीत धड पुस्तक नाही, म्हणून टिपणे काढायला सुरुवात झाली. त्या टिपणांतून १८९८ साली मुसलमानी रियासत बाहेर पडली आणि मागोमाग मराठी रियासतीचे खंड येत राहिले. चाकरी मात्र तीच राहिली. १९२५ साली निवृत्त होईपर्यंत छत्तीस वर्षे दिवस महाराजांचा होता आणि उरलेला वेळ इतिहासाचा.

त्यांच्या नोकरीची वर्षे मी अनेकदा आमच्या अर्जाच्या रकान्यांत बसवून पाहिली आहेत. अध्यापनाचा अनुभव, दोन-चार राजपुत्र. विद्यापीठातले पद नाही. इतिहासातली पदवी नाही. आणि याच माणसाकडे, निवृत्त होऊन कामशेतला राहायला गेल्यावर, पेशवे दप्तराच्या निवडीचे काम आले. पेशव्यांच्या कारभाराचे ते दप्तर सरकारने दीर्घकाळ बंद ठेवले होते. १९३० ते १९३४ या काळात त्यातून ४५ भाग छापून निघाले, तेव्हा सरदेसाई पासष्टीच्या पुढे होते. निवड कोणी करावी आणि कशी करावी यावरून पुण्यातल्या संशोधकांशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. त्या वादात पुणेकरांचे काही मुद्दे रास्त होते असे माझे मत आहे. अफाट दप्तरातून एका माणसाच्या नजरेने वेचलेले कागद छापले की उरलेले आणखी काही पिढ्या अंधारात राहतात, ही भीती खोटी नव्हती. पण ते ४५ भाग निघाले नसते तर आज माझ्यासारख्याच्या टेबलावर काय असते, हाही विचार मनात येतोच.

सरदेसायांच्या लेखनात मला एक उणीवही जाणवते आणि ती सांगायला हवी. छत्तीस वर्षे ते ज्या गावात राहिले, त्या गावची माणसे रियासतीत फारशी दिसत नाहीत. वाणी, पेढीवाले, बोहरी व्यापारी, पागेतले शिलेदार, कोकणातून आणि देशावरून येऊन इथल्या पोळांत, म्हणजे जुन्या गल्लीवजा वस्त्यांत, बिऱ्हाडे थाटणारी आमच्यासारखी कुटुंबे यांचा इतिहास त्यांना लिहायचा नव्हता. त्यांची नजर सातारा, पुणे आणि दिल्ली या रेषेवर होती. राज्य आणि ते चालवणारे पुरुष हाच त्या काळी इतिहास मानला जाई, म्हणून त्यांना दोष द्यायला मन धजत नाही. मात्र त्यांनी सोडलेल्या त्या जागेतच माझे सगळे आयुष्य गेले.

यदुनाथ सरकारांशी सरदेसायांची मैत्री हे या विषयातले मला सर्वांत प्रिय प्रकरण आहे. सरकारांची एम.ए.ची पदवी इंग्रजी वाङ्मयातली. औरंगजेबाच्या मागे लागून ते फारसीत शिरले आणि मराठ्यांकडे वळल्यावर मराठी शिकले. सरदेसायांना फारसी कागदांसाठी सरकार हवे होते आणि सरकारांना मराठी कागदांसाठी सरदेसाई. ज्याला जे वाचता येत नाही ते दुसऱ्याने वाचून सांगायचे, असा हा अर्ध्या शतकाचा व्यवहार होता. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड दोघांच्या देखरेखीखाली निघाले आणि त्यात माळव्यातला एक तरुण सामील झाला, सीतामऊचे महाराजकुमार रघुवीरसिंह. राजघराण्यातल्या या तरुणाने सरकारांच्या मार्गदर्शनाखाली अठराव्या शतकातल्या माळव्यावर प्रबंध लिहून १९३६ साली डी.लिट. मिळवली आणि सीतामऊसारख्या लहान गावी असे ग्रंथालय उभे केले की मोठ्या शहरांतले अभ्यासक तिथे मुक्कामाला जाऊ लागले. एक कलकत्त्याकडचा, एक बडोद्याचा, एक माळव्यातला. तिघांच्याही आवडीचा विषय एकमेकांच्या कागदांवाचून अपुरा होता.

अशी माणसे आणखीही होती. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवत आणि पटवर्धनांच्या दप्तरातून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड काढत. ग्वाल्हेरला आनंदराव भाऊ फाळक्यांनी शिंदेशाहीची साधने छापली आणि त्यासाठी कोट्याच्या गुळगुळ्यांचे दप्तर धुंडाळले. चिंतामणराव वैद्य ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश होते आणि मध्ययुगीन भारताचा तीन खंडांचा इतिहास त्यांच्या नावावर आहे. कुणाची उपजीविका इतिहासावर नव्हती. खऱ्यांनी पटवर्धनांचे कागद का निवडले, असा प्रश्न मिरजेत कुणाला पडला नसेल. ते मिरजेत होते आणि कागदही जवळच होते.

बडोद्यात हे विद्यापीठ आल्यावरही काही काळ तसेच चालले, हे मी अभिमानाने सांगतो. १९४९मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले, लगेच पुरातत्त्वाचा विभाग सुरू झाला आणि सुब्बरावांनी पहिली कुदळ मारली ती दूर कुठे नव्हे, अकोट्याला. आज अकोटा म्हणजे बडोद्याचा एक भाग. पूल ओलांडला की आलेच. तिथल्या मातीतून निघालेल्या जैन कांस्यमूर्तींवर उमाकांत शाहांनी ग्रंथ लिहिला. रमणलाल मेहतांनी देवनी मोरीचा स्तूप खणला. इतिहास विभागात सतीशचंद्र मिश्रांनी गुजरातच्या सुलतानांवर लिहिले आणि त्यानंतर १९६४ साली गुजरातमधल्या मुस्लिम जातीजमातींवर पुस्तक काढले. त्यासाठी दप्तरांइतकीच हिंडून माणसांना विचारण्याची तयारी लागते. त्याही आधी, संस्थानी काळात, बडोदे कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या सय्यद नवाब अलींनी गायकवाड प्राच्यमालेसाठी मिराते अहमदीची संहिता सिद्ध केली होती. मराठ्यांनी गुजरात कसा घेतला हे एका मुघल अधिकाऱ्याच्या लेखणीतून सांगणारा तो ग्रंथ गायकवाडांच्याच मालेत छापला गेला, ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगतो आणि सांगताना मला दर वर्षी आनंद होतो.

मग माझ्या पिढीचे काय झाले? आम्हाला पगार मिळाला, ग्रंथालये मिळाली, इतिहास हीच नोकरी झाली. सरदेसायांना जे लाभले नाही ते सगळे आम्हाला लाभले. पण आवड आणि कागद यांची फारकत झाली. पीएच.डी.चा विद्यार्थी आता विषय घेऊन येतो तो वाचलेल्या इंग्रजी पुस्तकांतून घेतलेला असतो, आणि त्या विषयाचे कागद शोधण्याची धडपड नंतर सुरू होते. माझ्याकडे आलेल्या एका हुशार मुलाला जकातीवर काम करायचे होते. कोठीच्या सरकारी दप्तरात त्यासाठी रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते मोडीत आहेत आणि त्याला देवनागरी मराठीही वाचताना अडखळायला होई. त्याने विषय बदलला. मी त्याला अडवले नाही. आजही त्याचे मला वाईट वाटते.

याच्या मुळाशी एक अडचण आहे आणि ती आमच्या गावापुरती खास आहे. कागद मराठीत, दप्तर गुजरात सरकारचे, विद्यार्थी गुजराती. महाराष्ट्रातला मराठीचा जाणकार विद्यार्थी पुणे, सातारा, कोल्हापूर धरतो, कारण १ मे १९६०नंतर बडोदे त्याच्या नकाशात परराज्यात गेले. इथल्या विद्यार्थ्याला हा आपल्याच शहराचा इतिहास आहे, पण त्याची लिपी परकी वाटते. दोन राज्यांच्या मधल्या या फटीत शंभर-दीडशे वर्षांचा कारभार पडून आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या चर्चासत्रासाठी मी बडोद्याच्या सावकारी पेढ्या आणि पागेचा खर्च यांवर निबंध पाठवला होता. विषय ‘स्थानिक स्वरूपाचा’ असल्याचे कळवून तो परत आला. निबंधात दोष असतील, ते दाखवले असते तर मी सुधारले असते. पण स्थानिक असणे हा दोष कसा, हे मला तेव्हाही कळले नाही. पेढीवाल्याने पैसा दिला नाही तर फौज हलत नव्हती. फौज हलली नाही तर पुण्याचे आणि दिल्लीचे राजकारण कशावर उभे राहणार होते?

गेल्या पावसाळ्यापासून रविवारी सकाळी मी घरी मोडी शिकवतो. पाचसहा जण येतात. त्यात एम.ए.ला असलेली एक मुलगी आहे, मांडवीजवळच्या जुन्या गुजराती व्यापारी घरातली. मराठी तिला शेजारपाजारच्यांमुळे बोलता येते, वाचायला ती माझ्याकडे शिकली. सुरुवातीला सगळ्यांना जे जड जाते तेच तिलाही गेले. आधी ओढलेल्या रेघेला लटकलेली, हात न उचलता लिहिलेली अक्षरे, शब्द कुठे संपला याची खूण नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. मी त्यांना कागदाचे ठरीव भाग आधी ओळखायला शिकवतो, म्हणजे धीर येतो. वर श्री, मग मायना, ‘विज्ञापना’, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’, आणि कोपऱ्यात वेगळ्या हाताने पत्र पोचल्याची ‘पैवस्ती’ची नोंद. ‘छ’ दिसला की पुढे मुसलमानी महिन्याची चंद्रतिथी येणार. मग सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतले अरबी शब्दांत लिहिलेले वर्ष. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीनंतरच्या कागदाला ६००. या सनातल्या जानेवारीला ६०० मिळवले की १७६१ येतात, आणि मुले एकदम ताठ बसतात, कारण तो पानिपताचा जानेवारी असतो.

महिन्याभरापूर्वी मी आमच्या पेटीतला एक घरखर्चाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. पणजोबांच्या हातचा, कडा झिजलेला, मधल्या घडीवर फाटू लागलेला. गुळाच्या पुढे रक्कम होती, १२ आणि त्याच्यापुढे दोन उभ्या रेघा. एकाने दोन दंड वाचून वाक्य संपले म्हणून सांगितले. दुसऱ्याने ते अकरा धरले आणि रक्कम बाराशे अकरा केली. मी काही सांगणार एवढ्यात ती मुलगी कागदावर वाकली.

“सर, हे तर साडाबार. आमच्या दादांच्या चोपड्यात असंच असतं. एक रेघ म्हणजे पा, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पोणो.”

“दादा म्हणजे वडील?”

“नाही, वडिलांचे वडील. दिवाळीला चोपडापूजन होतं ना, तेव्हा जुने चोपडे बाहेर काढतात. मी लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून बघायची.”

मी तिला सगळा कागद तिच्या पद्धतीने वाचायला सांगितला. अक्षरांशी ती अडखळत होती, पण आकड्यांपाशी तिचा आवाज मोकळा होत होता. पाव, अर्धा, पाऊण ती गुजरातीत म्हणत होती आणि माझ्या पणजोबांचा मराठी हिशेब बिनचूक जुळत होता. खालची बेरीज तिने बोटांवर करून पाहिली, एके ठिकाणी पाव रुपयाची चूक काढली, पुन्हा वरून आली आणि मग म्हणाली की चूक बेरजेत नाही, तिसऱ्या ओळीतली एक रेघ घडीत गेली आहे. कागद उजेडाकडे धरला तर घडीच्या फाटीत शाईचा बारीक ठिपका खरोखरच होता. इतकी वर्षे तो कागद मी पाहत आलो होतो आणि ती रेघ मला दिसली नव्हती.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत चालली आहे. बडोद्याचा इतिहास मराठी माणसाने जपला पाहिजे, असे मी इतकी वर्षे मानत आलो, त्यासाठी झटलो आणि त्यामुळेच कदाचित थोडा एकटाही पडलो. पण या कागदांचा अर्धा अर्थ शेजारच्या पोळातल्या चोपड्यांत आहे. पेढीने गायकवाडांना दिलेले कर्ज सरकारी मोडीत एका बाजूने नोंदले गेले आणि तेच पेढीच्या गुजराती वहीत दुसऱ्या बाजूने. सरदेसायांना यदुनाथ सरकार लागले, तसे मला या मुलीच्या दादांची वही लागणार होती. ती मी कधी मागितली नाही.

अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत होती. त्या रकान्यातले नेहमीचे तीन शब्द मी या वेळी लिहिले नाहीत. ‘बडोद्याच्या पेढ्या आणि पागा, मोडी दप्तरे आणि गुजराती चोपडे यांवरून’ असे लिहिले. दोन बोटांच्या जागेत ते मावले नाही, म्हणून उरलेले समासात उतरवले. कार्यालयातल्या कारकुनाने ते वाचून विचारले की सर, निवृत्तीला आठ महिने राहिले, आता नवा विषय घेताय का? मी हो म्हणालो.

त्या मुलीने परवा फोन करून सांगितले की दादांनी परवानगी दिली आहे. त्यांच्याकडे आजोबा-पणजोबांच्या काळातल्या सतरा वह्या आहेत, लाल कापडात बांधलेल्या. वाळवी लागलेल्या दोन सोडल्या तर बाकी शाबूत आहेत. घराबाहेर मात्र वही जाऊ द्यायची नाही, अशी त्यांची अट आहे. त्यामुळे येत्या रविवारचा वर्ग आमच्या घरी नाही, मांडवीला आहे. पणजोबांचा गुळाचा कागद मी बरोबर नेणार आहे. त्यात पेढीवाल्याचे नाव आहे, आणि ते घराणे त्यांच्या ओळखीचे आहे का, एवढे त्या दादांना मला विचारायचे आहे.